ऑलिंपिक नॅशनल पार्क, चार दिवस आणि सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई – कसं बसवावं?

कोथरूडची मेधा

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी, हे आणि माझ्या सासूबाई असे आम्ही तिघं लेकाकडे सिॲटलला जातोय, खरंतर तो बेलव्ह्यूला राहतो पण इथे सगळ्यांना सिॲटल सांगितलं की पटकन कळतं. घरचा गणपती आहे त्यामुळे त्याआधी परत यायचंच आहे, ती तारीख हलणार नाही. लेकाला सलग सुट्टी फक्त चार दिवस मिळतेय आणि त्यात तो आम्हाला ऑलिंपिक नॅशनल पार्क दाखवणार म्हणतोय, म्हणतो आई एकाच पार्कात बर्फाचे डोंगर आहेत, शेवाळाने लगडलेलं पावसाचं जंगल आहे आणि समुद्रही आहे, बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल पण हे बघच.

आता अडचण अशी की दोन्ही नणंदा अमेरिकेला जाऊन आल्यात आणि त्यांचं म्हणणं आहे की यलोस्टोन सोडून हे काय बघायचं. इथल्या एका टूरवाल्यांकडे सहज चौकशी केली तर ते म्हणाले सिॲटलहून एका दिवसात होतं ऑलिंपिक, सकाळी निघायचं रात्री परत. लेक म्हणतो शक्यच नाही. कोणाचं खरं?

सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर हळूहळू किलोमीटर-दीड किलोमीटर चालतात, पायऱ्या नकोत. त्यांचं माहेर दिवेआगरचं, त्या मला परवा म्हणाल्या, "मेधा, डोंगर आयुष्यभर पाहिले गं, मला तो पलीकडचा समुद्र दाखवा." त्यामुळे समुद्र हवाच. ह्यांना चालायची आवड आहे, रोज हनुमान टेकडी करतात. आम्ही तिघंही शाकाहारी. पाऊस किती असेल, मुक्काम कुठे करावा, आणि चार दिवसांत तिन्ही गोष्टी आईंना न दमवता होतील का? ज्यांनी खरंच पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना.

बाणेरकर

मेधाताई, लेकाचं ऐका. मी ११ वर्षं तिकडे होतो, २०१९ च्या शेवटी परत आलो, आणि सगळ्यात जास्त कशाची आठवण येते विचाराल तर ह्या पार्कची. यलोस्टोन सुंदरच आहे पण सिॲटलहून गाडीने दहा-अकरा तास, चार दिवसांतले दोन रस्त्यातच जातील आणि आईंच्या गुडघ्याचं काय होईल ते वेगळंच.

एका दिवसात ऑलिंपिक सांगणाऱ्यांनी नकाशा पाहिलेला नाही असंच म्हणावं लागेल. हे पार्क साधारण ३,७०० चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या आरपार जाणारा एकही रस्ता नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा कारण सगळं प्लॅनिंग ह्यावरच ठरतं. मधे डोंगरांचा गड्डा, सगळ्यात उंच माउंट ऑलिंपस ७,९८० फूट, आणि भोवती १०१ नंबरचा हायवे नालासारखा वळसा घालून जातो. त्या हायवेवरून ठिकठिकाणी फाटे आत शिरतात, थोडं आत जाऊन संपतात, आणि पुढचं ठिकाण बघायचं तर पुन्हा बाहेर हायवेवर यायचं. आपल्याकडे कोयनेच्या पाण्याच्या ह्या बाजूची दोन गावं नकाशात चिकटलेली दिसतात आणि गाडीने गेलं की अर्धा दिवस जातो, तसंच.

मी असं करेन. पहिल्या दिवशी बेलव्ह्यूहून लवकर निघून एडमंड्स-किंग्स्टन फेरी घ्यायची, गाडीसकट, अर्धा तास लागतो, आईंना वर डेकवर घेऊन जा खूप आवडेल. पुढे हूड कनाल नावाची खाडी लागते, त्यावर तरंगता पूल आहे, मोठं जहाज आलं की पूल उघडतो आणि गाड्या थांबतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जेवायच्या वेळेपर्यंत पोर्ट एंजलिस. आभाळ स्वच्छ असेल तर उद्यावर न ढकलता त्याच दुपारी हरिकेन रिजला जा. पोर्ट एंजलिस समुद्रकाठी आणि रिज ५,२४२ फुटांवर, मधे २७ किलोमीटरचा घाट, म्हणजे किनाऱ्यावरून निघून पाऊण तासात जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर गाडीने. वर लॉजमधे कॉफी मिळते, काचेतून बसल्या बसल्या बर्फाची रांग दिसते, आईंना एक पाऊलही चढायला नको.

दुसऱ्या दिवशी लेक क्रेसेंट, ६२४ फूट खोल तळं आहे आणि पाणी इतकं निळं-हिरवं की काठावरून तळाचे पडलेले ओंडके दिसतात. तिथून मेरीमियर धबधबा जाऊन-येऊन साधारण तीन किलोमीटर, पण शेवटी पायऱ्यांची चढण आहे तेव्हा काकांना पाठवा आणि तुम्ही आईंबरोबर तळ्याकाठी बसा. संध्याकाळी फोर्क्स गाठायचं, पुढचे दोन मुक्काम तिथेच. तिथून रियाल्टो बीच २५ मिनिटं, ऑगस्टअखेरीला आठच्या पुढेपर्यंत उजेड असतो त्यामुळे सूर्यास्त नक्की मिळेल. तिसरा दिवस पूर्ण होह रेनफॉरेस्टला द्या, अख्खा दिवस, दुसरं काहीही त्यात कोंबू नका. चौथ्या दिवशी रूबी बीच, क्लेलॉक आणि दक्षिणेकडून ॲबरडीन-ऑलिंपियामार्गे घरी, म्हणजे गेलात त्या रस्त्याने परत यावं लागत नाही.

नावांचा एक घोळ सांगून ठेवतो, नकाशात क्लेलॉकचं स्पेलिंग वाचलंत तर तुम्ही कालालोच म्हणाल, आणि तिथे स्क्विम नावाचं गाव आहे त्याचं सेक्विम कराल. रस्ता विचारायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

पाऊसवेडी

मेधा, पावसाचं मी सांगते, मी ३१ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय आणि होहला दोनदा जाऊन आलेय, दोन्ही वेळा मुलीने अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

आधी एक गंमत बघ. होहला वर्षाला १२ ते १४ फूट पाऊस पडतो, म्हणजे साधारण ३,६५० ते ४,२५० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला याहून कितीतरी जास्त पडतो! मग तिथे ते जंगल आणि आपल्याकडे तसं का नाही? कारण आपला सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने जमीन तापत राहते. तिथे उलटं, ऑक्टोबर ते एप्रिल-मे पाऊस झिमझिम पडतच राहतो आणि उन्हाळ्यात पाऊस थांबला तरी समुद्रावरून धुकं आत येतं आणि झाडांच्या पानांना लागून ठिबकतं. शिवाय थंडी बेताची, उन्हाळाही बेताचा. म्हणून ते शेवाळ बारा महिने जिवंत असतं, आपलं ताम्हिणीतलं शेवाळ दिवाळीनंतर दगडावर कोरडं काळं पडतं तसं होत नाही. तू जातेयस तो सगळ्यात कोरडा काळ आहे, रेनकोट बरोबर ठेव पण पावसाला घाबरू नकोस.

आणि पुणेकर म्हणून तुला अजून एक सहज कळेल. समुद्रावरून आलेले ढग डोंगराच्या पश्चिमेला सगळं ओततात आणि पलीकडे रिकामे होऊन उतरतात. ताम्हिणीत धो धो आणि पुण्यात सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तेच. तिथे होह म्हणजे ताम्हिणी, आणि बाणेरकरांनी सांगितलेलं स्क्विम म्हणजे आपलं सुपं-बारामती, जेमतेम ४०० मिलिमीटर, तिथे लॅव्हेंडरची शेती करतात आणि पाटाचं पाणी देतात. दोन्हींत अंतर किती, तर मधे फक्त तो डोंगर.

आता होहमधे काय बघायचं ते नीट सांगते कारण लोक हॉल ऑफ मॉसेस नावाच्या पायवाटेची ती सव्वा किलोमीटरची फेरी वीस मिनिटांत मारतात, फोटो काढतात आणि पार्किंग शोधत आलेल्या पुढच्या माणसाला जागा देऊन निघतात, मला इतकं वाईट वाटतं. तिथे एक आडवा पडलेला प्रचंड ओंडका शोध. सिट्का स्प्रूसचं झाड अडीचशे फुटांपर्यंत वाढतं, ते पडलं की शेकडो वर्षं कुजत राहतं आणि त्याच्या पाठीवर नवी रोपं रुजतात, कारण खाली जमिनीवर नेचे आणि शेवाळ इतकं दाट असतं की बीला उजेडच मिळत नाही. नर्स लॉग म्हणतात त्याला. मी गुडघ्यावर बसून पाहिलं होतं, बोटभर उंचीची हेमलॉकची रोपं एका ओळीत, प्रत्येकाला सात-आठ मऊ पानं, टोकावर एकेक पाण्याचा थेंब. आणि तिथून दहा पावलांवर चार अवाढव्य झाडं एकदम सरळ रेषेत उभी होती, मुळं जमिनीपासून वर कमानीसारखी उचललेली आणि कमानीखाली पोकळ. ती पोकळी म्हणजे त्यांची आई. ओंडका केव्हाच कुजून गेला, मुलं तेवढी ओळीत उभी राहिली. सासूबाईंना ती पोकळी हाताने दाखव, त्यांना सांगावं लागणार नाही.

मोठ्या पानांच्या मेपलवर वर बघ. फांद्यांवर शेवाळाच्या दाट गाद्या झालेल्या असतात आणि त्या गाद्यांत माती साठते. तर हे झाड आपल्याच फांदीतून मुळं फोडून त्या वरच्या मातीत घालतं आणि तिथून पाणी-अन्न घेतं. हे नलिनी नाडकर्णी ह्या शास्त्रज्ञ बाईंनी दोर लावून झाडांवर चढून शोधून काढलं, ह्याच ऑलिंपिकच्या जंगलात, १९८१ मधे सायन्स ह्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं होतं. वडील भारतातले त्यांचे. मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि मुलींचे चेहरे बघायचे.

फेरीच्या सुरुवातीला थोडा चढ आहे, आईंनी तेवढा काठी घेऊन हळू चढला तर पुढे सोपं आहे. नाहीच जमलं तर व्हिजिटर सेंटरला लागून अगदी छोटी पक्की वाट आहे, तिथेही तेच जंगल, तीच झाडं, काही कमी दिसत नाही. आपल्या देवराईत गेल्यावर आपण आपोआप हळू बोलतो ना, तसं होतं तिथे.

सिंहगडवारी

काकू, वरच्या दोघांनी जंगल-डोंगर छान सांगितलंय, मी समुद्राचं सांगतो कारण ते कोणी सांगत नाही आणि तिथेच माणसं चुकतात.

२०१८ ला ऑफिसच्या कामाने गेलो होतो, ऑक्टोबरात रियाल्टो बीचवर आम्ही चौघं. तिथे किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांचा नुसता खच असतो, पांढरे पडलेले, काही तर आपल्या पीएमटीच्या बसएवढे लांब. आम्हाला वाटलं एवढं वजन, हे कशाला हलतंय, म्हणून एकावर पाय सोडून बसलो डबे उघडून. लाटा बऱ्याच लांब होत्या. मग एक लाट आली ती आलीच, थांबेना, फेस ओंडक्याखालून पलीकडे गेला आणि तो अख्खा ओंडका उचलला गेला हो, अगदी अलगद, पाळण्यासारखा. आम्ही तिघं मागे उडी मारली, चौथ्याचा पाय दोन ओंडक्यांच्या मधे आला. नशिबाने पुढच्या लाटेने तो सुटला, घोटा सुजून भोपळा झाला एवढ्यावर निभावलं. पुढची लाट उलट्या बाजूने आली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार मी आजही करत नाही. परत जाताना वाचली, पार्किंगपाशीच पाटी होती की ओंडके जीव घेतात म्हणून. येताना आम्ही तिच्या शेजारून गेलो होतो.

तर आईंना ओंडक्यावर बसवू नका. फोल्डिंगची खुर्ची घ्या आणि लाटांपासून लांब, ओंडक्यांच्याही मागे, सुक्यात बसवा. रियाल्टोला पार्किंग अगदी किनाऱ्याला लागून आहे त्यामुळे चालावं लागत नाही, त्यांच्यासाठी रूबीपेक्षा हाच बरा, रूबीला उतरण आहे आणि शेवटी ओंडके ओलांडून जावं लागतं. आणि रियाल्टोला वाळू नाही, गोल गुळगुळीत राखाडी दगड आहेत, बटाट्यापासून नारळाएवढे. लाट परत जाताना ते सगळे एकमेकांवर घरंगळतात आणि त्याचा जो आवाज येतो ना, मी कोकणात कुठे ऐकला नाही. दिवेआगरच्या मऊ वाळूत वाढलेल्या माणसाला तो ऐकवाच.

काका चालणारे आहेत तर ते आणि लेक तिथून होल-इन-द-वॉलला जाऊ शकतात, एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आसपास, खडकाला समुद्राने भोक पाडलंय आणि ओहोटीला त्यातून पलीकडे जाता येतं. पण भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आठवा, ती वाट भरतीच्या वेळी करायची नसते आणि तरी लोक करतात आणि दर काही वर्षांनी पेपरात येतं. तिथेही तेच, फरक इतकाच की तिथलं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं, त्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी फार वेळ टिकत नाही. ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी निघायचं म्हणजे परत येईपर्यंत पाणी चढलेलं नसतं. रोज ती वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते त्यामुळे कालची वेळ आज धरू नका.

डोंगरातही काकांसाठी एक आहे, हरिकेन हिल, रिजपासून थोडं पुढे गाडी लावून एका बाजूने अडीच किलोमीटर, चढ दोनशे-सव्वादोनशे मीटर, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढण्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. वाट डांबरी. वरून एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्रधुनी आणि पलीकडे कॅनडा. आणि घाट चढताना बोगद्यांच्या पुढे डाव्या-उजव्या कातळाकडे बघायला सांगा, उशांसारखे गोल गोल काळे दगड एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात, तो बेसॉल्ट आहे, म्हणजे लाव्हाचा दगड, आपल्यासारखाच, पण आपला जमिनीवर पसरला आणि तो समुद्राच्या तळाशी पाण्यात ओतला गेला म्हणून त्याच्या अशा उशा झाल्या. समुद्राचा तळ आज डोंगरावर आहे.

इसाक्वाकर

मी सध्या सिॲटलजवळच राहतो, महिन्यापूर्वीच आईबाबांना घेऊन जाऊन आलो, त्यामुळे काही ताज्या गोष्टी.

बाणेरकर दादा, तुम्ही सांगितलेलं हरिकेन रिजचं लॉज आता नाही. मे २०२३ मधे आगीत पूर्ण जळालं. त्यामुळे वर कॉफी, काचेतून बसून बघणं वगैरे धरून चालू नका, पाणी, खाणं आणि गरम कपडे खालूनच घेऊन जा, वर वारा सणसणीत असतो. कुरणांमधल्या छोट्या पक्क्या वाटा मात्र आहेत, माझी आई त्यावर फिरली, तिचाही गुडघा तसाच आहे. तिथे मार्मोट दिसतील, गुबगुबीत, मांजरापेक्षा मोठा आणि शिट्टी घालणारा प्राणी, ऑलिंपिक मार्मोट जगात फक्त ह्याच डोंगरांत आहे. हिमयुगात हे डोंगर बर्फाने वेढून बाकीच्यांपासून तुटले होते त्यामुळे असे काही प्राणी आणि फुलं इथलीच झालीयेत, आपल्या कासच्या सड्यावर इथलीच फुलं असतात तसं.

होहचा रस्ता डिसेंबर २०२४ मधे पुरात वाहून गेला होता, मे २०२५ मधे सुरू झाला. सांगायचं कारण असं की ह्या भागात रस्ते बंद पडतात आणि ते तुम्हाला तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही, निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवर बघाच. आणि होहला सकाळी आठच्या आत पोचा. पार्किंग भरलं की गेटवर एक गाडी बाहेर आली की एक आत असं करतात, ऑगस्टमधे दीड-दोन तास रांगेत जाऊ शकतात आणि त्या रांगेत बाथरूम नाही. आईंसाठी हे महत्त्वाचं आहे म्हणून स्पष्टच लिहितोय. फोर्क्सहून पन्नास मिनिटं धरा, म्हणजे सातला निघायचं.

पार्कात फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. ऑफलाइन मॅप, भरतीचा तक्ता आणि हॉटेलचं बुकिंग आधीच डाउनलोड करून ठेवा. पेट्रोल पोर्ट एंजलिस आणि फोर्क्सला भरा. पार्कची फी गाडीमागे ३० डॉलर आहे, माणशी नाही, आणि सात दिवस चालते. लेकाकडे वार्षिक पास असला तर तोच चालेल.

एल्कचे कळप होहला नदीकाठी येतात, कधी पार्किंगमधेच. दिसायला सांबरासारखे पण वजनाला घोड्याएवढे, १५० फूट अंतर ठेवायचा नियम आहे तो पाळा. अस्वलं काळी आहेत, ग्रिझली इथे नाहीत. खाण्याच्या वस्तू बाकावर सोडून फोटोला जायचं नाही एवढं केलंत तरी पुरे.

कोथरूडची मेधा

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. काल रात्री हे सगळं आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. ओंडक्याचं ऐकून त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी वादळानंतर दिवेआगरला एक मोठा वासा असाच लागला होता आणि घरच्यांनी मुलांना त्याच्या जवळ जाऊ दिलं नव्हतं, समुद्राने टाकलेली वस्तू समुद्र परत न्यायला येतो असं म्हणायचे. आणि पाऊसवेडीताई, ती पोकळीची गोष्ट मी वाचली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दोनच प्रश्न. जेवणाचं काय करावं? आणि पोर्ट एंजलिसहून लेक क्रेसेंटला जाताना आईंना चालता येईल असं वाटेत काही आहे का, कारण तळ्याकाठी त्या एकट्या बसणार नाहीत, "तुम्ही जा मी बसते" म्हणतील आणि मग मीच अडकेन.

इसाक्वाकर

काकू, फोर्क्स छोटं गाव आहे, शाकाहारी म्हणजे चीज पिझ्झा, सॅलड आणि फ्राइज एवढंच धरा. पोर्ट एंजलिसला बरे पर्याय आहेत आणि मोठी दुकानंही. आम्ही छोटा राइस कुकर नेला होता, रूमवर मूगडाळीची खिचडी आणि मेतकूट, आणि दुपारसाठी घरून केलेले मेथीचे ठेपले, ते तीन दिवस छान राहतात. मायक्रोवेव्ह आणि फ्रिज असलेली रूम बघूनच बुक करा, आणि आजच करा, ऑगस्टमधे फोर्क्सला ऐनवेळी काही मिळत नाही.

मुळशीकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. पोर्ट एंजलिस सोडून थोडं पुढे गेलं की एल्व्हा नदीचा फाटा लागतो. आत मॅडिसन फॉल्स आहे, पार्किंगपासून पक्की सपाट वाट, दोनशे पावलं सुद्धा नसतील, समोर धबधबा. आईंना सहज जमेल. पण मी त्या धबधब्यासाठी सांगत नाहीये, रस्त्याच्या पलीकडे जी नदी वाहते तिच्यासाठी सांगतोय.

आमचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, हे सगळं आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकातलं नव्हतं, पणजोबा त्यात होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजोबा आम्हाला काठावर नेऊन बोट दाखवायचे, ते तिथे आपलं अंगण, तो तिथे आंबा. आम्हाला नुसता चिखल दिसायचा.

२०२२ ला मुलाकडे गेलो तेव्हा त्याने मला एल्व्हाला नेलं. ह्या नदीवर दोन धरणं होती, खालचं १९१३ मधे पुरं झालं, वरचं ग्लाइन्स कॅन्यन १९२७ मधे, २१० फूट उंच. खालचं धरण समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर आणि माशांना वर जायला वाटच ठेवलेली नाही, त्यामुळे समुद्रातून अंडी घालायला येणारे सॅमन जवळजवळ शंभर वर्षं त्या भिंतीपाशी येऊन अडायचे. नदीवर राहणाऱ्या क्लॅलम ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं सगळं जगणं त्या माशांवर. ते लढत राहिले, आणि शेवटी २०११ मधे धरणं पाडायला सुरुवात झाली आणि २०१४ मधे दुसरंही पूर्ण निघालं. पाणी उतरलं तेव्हा तळातून त्यांची ती जागा वर आली जिथे आपल्या लोकांचा जन्म झाला असं ते पिढ्यानपिढ्या सांगत आले होते. पाहिलेलं कोणीच उरलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं.

मुलगा आणि मी मॅडिसन फॉल्सपासून पुढे चालत गेलो, पुढचा रस्ता नदीने तोडलाय त्यामुळे गाडी जात नाही, तीन-साडेतीन मैल चालून जुन्या धरणाच्या उरलेल्या काठावर पोचलो. खाली जिथे तलाव होता तिथे आता आल्डरची आणि विलोची झाडं माणसाच्या दुप्पट उंचीची झालीयेत आणि मधून नदी आपली वळणं घेत चाललीये. मी कठड्याला धरून उभा होतो आणि मला पहिल्यांदा आजोबांचं अंगण दिसलं. मुलगा विचारत होता बाबा पाणी हवंय का.

तिथपर्यंत आईंना जमणार नाही पण मॅडिसन फॉल्सच्या पार्किंगसमोर नदीकाठी उभं राहता येतं. तुम्ही जाल तेव्हा चिनूक सॅमन समुद्रातून वर यायचा हंगाम असतो. दिसतीलच असं नाही, पण उभ्या राहा पाच मिनिटं.

पाऊसवेडी

मुळशीकर, मी दोनदा त्या फाट्यावरून पुढे गेले आणि दोन्ही वेळा आत वळले नाही. वाचून खूप वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिसऱ्यांदा जाईन ती आधी तिथे.

कोथरूडची मेधा

मुळशीकर दादा, हे मी आईंना अजून वाचून दाखवलेलं नाही, तिथे नदीवर पोचल्यावर सांगणार आहे.

तर आता असं ठरतंय. पहिल्या दिवशी फेरी आणि आभाळ असेल तर रिज, दुसऱ्या दिवशी सकाळी एल्व्हा, मग तळं, संध्याकाळी रियाल्टो, तिसरा दिवस सातला निघून अख्खा होह, चौथ्या दिवशी क्लेलॉकला वरूनच समुद्र बघून परत. रूबी बीचला फक्त हे आणि लेक उतरतील. लेकाने काल रात्रीच फोर्क्सच्या दोन खोल्या बुक केल्या, तळमजल्यावरच्या. त्या दिवसाची ओहोटी संध्याकाळी साडेसहाला दाखवतेय त्याच्या तक्त्यात, मग ह्या दोघांनी होल-इन-द-वॉलला पाचला निघालेलं बरोबर ना?

आईंना काल कर्वे रोडवरून चार पायांची नाही, साधी एका टोकाची काठी आणली, दगडात ती बरी पडते म्हणाला दुकानदार. आज सकाळी थोरात उद्यानात तिच्यासकट तीन फेऱ्या झाल्या. उद्या चार करायच्या म्हणतायत.

सिंहगडवारी

पाचला बरोबर आहे काकू. साडेसहा-पावणेसातला तिथून परत फिरायचंच, फोटो राहिले तरी. आणि काठीचं खालचं रबर एक जास्तीचं घेऊन ठेवा, ओल्या लाकडावर झिजलेलं रबर सटकतं.